फझिंगमध्ये सिग्नल हाताळणी कशी तपासायची: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

फझर (प्रोग्रामला वेडंवाकडं इनपुट देत राहून बग शोधणारं साधन) रात्रभर चालू ठेवला आणि शेजारी एक स्क्रिप्ट दर दोन-चार सेकंदांनी टार्गेटला, म्हणजे तपासायच्या प्रोग्रामला, सिगटर्म (‘बंद हो’ असा सिग्नल) मारत बसली. सकाळी क्रॅशच्या फोल्डरमध्ये ढीगभर फाइली, पण एकही पुन्हा चालवून बघितली तर क्रॅश होत नाही. सिग्नल तपासायला निघालेल्या बहुतेकांची पहिली रात्र अशीच जाते, माझीही गेली.

घोळ दोन ठिकाणी असतो. एक, सिग्नल नेमका कधी पोचला हे कुठेच नोंदलेलं नसतं, त्यामुळे फाइल हाताशी असूनही प्रसंग पुन्हा उभा करता येत नाही. दोन, फझरला स्वतःलाच सिग्नलची भाषा बोलायची सवय. प्रोसेस सिग्नलने मेली की तो तिला ‘क्रॅश’ म्हणतो. तुम्ही मारलेला सिगटर्म आणि खरा सेगफॉल्ट (मेमरीच्या चुकीने झालेला क्रॅश) यांत त्याला फरक दिसत नाही. तेव्हा सिग्नल कधी द्यायचा हे इनपुटमध्येच लिहायचं आणि पास-नापास तुम्ही ठरवायचं, फझरने नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठी आहेत.

लेख लिनक्सवरच्या सी आणि सी प्लस प्लस प्रोग्रामांसाठी आहे, फझर म्हणून एएफएल प्लस प्लस धरलाय. नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाका.

१. आधी करार लिहा

कोणत्या सिग्नलला काय व्हायला हवं, हे ठरवल्याशिवाय चाचणी सुरू करू नका. ‘नीट बंद व्हावं’ हा करार नव्हे. प्रत्येक सिग्नलसमोर चार गोष्टी लिहा: किती वेळात संपायचं, एक्झिट कोड काय, डिस्कवर काय उरायला हवं आणि काय उरता कामा नये, आणि पोटच्या प्रोसेसचं काय.

दुसऱ्याच्या प्रोग्रामची चाचणी करत असाल तर त्याची कागदपत्रं वाचाच, कारण सिग्नलचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो. एनजिनएक्सला सिगटर्म दिला तर तो झटकन बंद होतो, हातातली कामं संपवून बंद व्हायला सिगक्विट लागतो. पोस्टग्रेसमध्ये सिगटर्म म्हणजे सगळे क्लायंट जाईपर्यंत थांबणं, सिगइंट (कंट्रोल-सीने जातो तो) म्हणजे त्यांना तोडून व्यवस्थित बंद होणं आणि सिगक्विट म्हणजे तडक बंद. पोस्टग्रेसला सिगटर्म देऊन ‘बंदच होत नाही’ असा बग टाकलात, तर चूक तुमची.

वेळेची मर्यादा बाहेरच्या जगाकडून, म्हणजे तुमचा प्रोग्राम चालवणाऱ्या साधनांकडून घ्या. डॉकर कंटेनर थांबवताना सिगटर्म देऊन १० सेकंद वाट बघतो, मग सिगकिल. कुबरनेटीसमध्ये मूळ मुदत ३० सेकंद, सिस्टिमडीत ९०. प्रोग्रामला बंद व्हायला १२ सेकंद लागत असतील तर डॉकरमध्ये तो दरवेळी अर्ध्यातच मारला जातोय.

तपासा: यादीत सिगकिल आणि सिगस्टॉपसाठी ‘हँडलरने (सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनने) अमुक करावं’ असं लिहिलंय का? खोडा. हे दोन सिग्नल पकडता, अडवता किंवा दुर्लक्षित करता येत नाहीत.

२. टार्गेटला वेगळ्या खोलीत ठेवा

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग स्वतःचंच सेशन मरतं. टार्गेट स्वतः कुणाला सिग्नल पाठवत असेल, उदाहरणार्थ पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) ठेवलेली फाइल वाचून जुन्या प्रोसेसला मारत असेल, तर फझर त्या फाइलमध्ये कचरा घालणारच. कचऱ्याला एटूआयने आकड्यात बदललं की शून्य येतं. किल कॉलमध्ये पीआयडी शून्य म्हणजे आपला अख्खा प्रोसेस ग्रुप. उणे एक आला तर त्या युजरला ज्यांना सिग्नल देता येतो त्या सगळ्या प्रोसेस, म्हणजे तुमचा एडिटरही गेला.

वेगळा युजर, वेगळा पीआयडी नेमस्पेस (आतल्यांना बाहेरच्या प्रोसेस न दिसणारं कुंपण), वेगळी तात्पुरती डिरेक्टरी, एवढं किमान करा. कंटेनर वापरलात तरी चालेल.

सावधान: नेमस्पेसमधली पहिली प्रोसेस टार्गेटला होऊ देऊ नका. पीआयडी १ असलेल्या प्रोसेसने सिग्नलचा हँडलर लावला नसेल, तर नेमस्पेसच्या आतून आलेला सिगटर्म कर्नल सरळ टाकून देतो. प्रोग्राम ‘सिगटर्मला टिकतो’ असं दिसतं आणि तुम्ही खूश होता. आधी एक छोटा इनिट (पहिली प्रोसेस म्हणून बसणारा प्रोग्राम) ठेवा, डॉकरला तसा पर्याय आहे.

३. वारशात काय आलंय ते बघा

दुर्लक्षित सिग्नल आणि अडवलेले सिग्नल एक्झेकनंतरही (प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम भरल्यावरही) टिकतात. टार्गेटला ते आईकडून, म्हणजे त्याला सुरू करणाऱ्या प्रोसेसकडून मिळतात, आणि तुमच्या चाचणीत आई म्हणजे कुठलीशी स्क्रिप्ट असते. शेल स्क्रिप्टमध्ये शेवटी अँपरसँड लावून सोडलेल्या प्रोसेसला सिगइंट आणि सिगक्विट दुर्लक्षित अवस्थेतच मिळतात. नोहपखाली चालवलं तर सिगहप दुर्लक्षित. मग तुम्ही सिगइंट मारत बसता आणि काहीच होत नाही.

खात्री करायला प्रोक फाइलसिस्टिममधली त्या पीआयडीची ‘स्टेटस’ फाइल उघडा. सिगबीएलके, सिगइग्न आणि सिगसीजीटी या तीन ओळी, म्हणजे अनुक्रमे अडवलेले, दुर्लक्षित आणि पकडलेले. आकडा हेक्साडेसिमलमध्ये असतो आणि सिग्नल क्रमांकातून एक वजा केला की बिट मिळतो. सिगटर्म १५ वा, म्हणजे १४ वा बिट, म्हणजे ४०००. सिगइंट दुसरा, म्हणजे २. सिगसीजीटीमध्ये ४००२ दिसलं तर दोन्ही पकडलेत. सिगइग्नमध्ये २ दिसलं तर चाचणी सुरूच करू नका, आधी लाँचर (टार्गेट सुरू करणारी स्क्रिप्ट) सुधारा.

तपासा: हा आकडा हार्नेसच्या (टार्गेटला फझरशी जोडणाऱ्या तुमच्या कोडच्या) सुरुवातीला आपोआप पडताळा आणि जुळला नाही तर थांबा. हाताने एकदा बघून समाधान मानू नका, पुढच्या आठवड्यात कुणीतरी लाँचर बदलतोच.

४. फझर लावण्याआधी हँडलर वाचून काढा

हे काम अर्ध्या तासाचं, आणि निम्मे बग इथेच सापडतात. हँडलरमधून जे-जे फंक्शन बोलावलं जातं ते थेट तळापर्यंत तपासा. राइट, अंडरस्कोर एक्झिट, अनलिंक, किल, वेटपीआयडी चालतात. मॅलॉक, फ्री, प्रिंटएफ, सिसलॉग आणि साधा एक्झिट चालत नाहीत. साधा एक्झिट लोकांच्या लक्षात येत नाही: तो अ‍ॅटएक्झिटची फंक्शनं चालवतो, बफर रिकामे करतो, आणि ते सगळं अर्ध्यात अडवलेल्या कोडच्या डोक्यावर.

ही किरकोळ बाब नाही. ओपनएसएसएचमधला २०२४ साली उघड झालेला ‘रिग्रेशन’ नावाचा दोष नेमका हाच. लॉगिनची मुदत संपली की सिगअलार्मचा हँडलर चाले आणि त्यातून सिसलॉग बोलावला जाई. २००६ मध्ये बुजवलेलं भोक २०२० च्या एका बदलाने परत उघडलं, आणि ग्लिबसी (सीची मूळ लायब्ररी) असलेल्या लिनक्सवर त्यातून थेट रूट मिळू शकत होतं.

वाचताना आणखी तीन गोष्टी: हँडलर एर्नो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) जपून परत ठेवतो का, ध्वज म्हणून वापरलेला व्हेरिएबल व्होलाटाइल सिग अ‍ॅटॉमिक टी प्रकारचा आहे का, आणि ध्वज तपासून मग रीड किंवा पोलमध्ये झोपणारा लूप आहे का. तिसरा प्रकार सगळ्यात चिवट. ध्वज तपासला, खाली आहे. त्याच क्षणी सिग्नल आला, ध्वज वर गेला. आणि प्रोग्राम रीडमध्ये जाऊन निवांत झोपला. सिग्नल येऊन गेला, आता उठवायला कुणी नाही. उपाय पीपोल, सिग्नलएफडी किंवा स्वतःलाच लिहायचा पाइप.

मदतीला थ्रेड सॅनिटायझर घ्या. हँडलरमधून मॅलॉक झाला किंवा एर्नो बिघडला तर तो नाव घेऊन सांगतो. मात्र तो बाहेरून आलेले सिग्नल मागे ढकलतो, म्हणून वेळेशी निगडित बग शोधायला तोच बिल्ड वापरू नका. वेगळा ठेवा.

५. एकेका सिस्टिम कॉलवर सिग्नल मारून बघा

अजूनही फझर नाही. आधी एसट्रेस, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला केलेले कॉल दाखवणारं साधन.

एसट्रेसच्या ‘इंजेक्ट’ पर्यायात कॉलचं नाव, सिग्नल आणि ‘व्हेन’ म्हणून कितव्या वेळी, एवढं दिलं की बरोबर त्या कॉलला सिग्नल मिळतो. राइटच्या सातव्या कॉलला सिगटर्म म्हटलं की सातव्यालाच. उद्या चालवा, परवा चालवा, सातव्यालाच.

करायचं असं. एक साधं इनपुट घेऊन सिग्नलशिवाय चालवा आणि एकूण कॉल मोजा. समजा ४०० आले. मग एकपासून ४०० पर्यंत प्रत्येक कॉलवर एकदा सिगटर्म, एकदा सिगइंट. म्हणजे ८०० वेळा चालवणं. एका वेळेला ५० मिलिसेकंद धरले तर ४० सेकंदांत काम आटोपतं. प्रत्येक वेळी पायरी १ मधल्या चार गोष्टी पडताळा.

माझ्या एका छोट्या डीमनचं (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामचं) उदाहरण देतो. तो निरोप घेऊन फाइलमध्ये लिहायचा आणि दर निरोपाला सिसलॉगमध्ये एक ओळ टाकायचा. सिगटर्मच्या हँडलरमध्येही मी हौसेने ‘बंद होतोय’ अशी सिसलॉगची ओळ घातली होती. हाताने वीसेक वेळा मारून बघितलं, दरवेळी शहाण्यासारखा बंद झाला. एसट्रेसने सेंडटू कॉलवर सिगटर्म दिला आणि पहिल्याच फटक्यात तो जागच्या जागी थिजला. जीडीबी हा डीबगर लावून स्टॅक बघितला: तळाशी मेन, त्यावर सिसलॉग, त्यावर सेंड, मग ‘सिग्नल हँडलर बोलावला’ ही खूण, त्यावर माझा हँडलर, त्यावर परत सिसलॉग, आणि सगळ्यात वर लॉकची वाट बघणारं फंक्शन. पहिल्या सिसलॉगने लॉक धरलेलं, दुसरा त्याच लॉकसाठी उभा, आणि दोन्ही एकाच थ्रेडमध्ये. कुणी कुणाला सोडायचं?

सावधान: काही कॉल सिग्नलने अर्ध्यात तुटून ईआयएनटीआर ही चूक परत करतात. हँडलर लावताना एसए रीस्टार्ट दिला तर रीड, राइट, अ‍ॅक्सेप्ट पुन्हा सुरू होतात. पोल, सिलेक्ट, ईपोल वेट आणि नॅनोस्लीप मात्र त्यानंतरही ईआयएनटीआरच देतात. ‘एसए रीस्टार्ट लावलाय, आता काळजी नाही’ हे वाक्य कोड रिव्ह्यूत ऐकलं की मी ग्रेप मारून पोल शोधतो.

६. सिग्नल इनपुटमध्ये घाला

आता फझर. इनपुटचे पहिले तीन बाइट आपले: पहिल्याने सिग्नल ठरतो, पुढच्या दोनांनी कितव्या ठिकाणी मारायचा ते. उरलेलं टार्गेटचं. फझर ते तीन बाइटही बदलत राहतो, आणि कव्हरेज (कोडचा किती भाग चालला ते) वाढलं तर तोच क्षण जपून ठेवतो. बाहेरून मारणाऱ्या स्क्रिप्टला हे कधीच जमत नाही.

‘ठिकाण’ मोजायला लिंकरचा ‘रॅप’ पर्याय पुरतो. राइट, रीड, एफसिंक, रिनेम आणि अनलिंक यांच्यावर आपलं वेष्टण घाला. दर कॉलला गणक दोनदा वाढतो, एकदा खऱ्या कॉलच्या आधी आणि एकदा नंतर. गणक ठरलेल्या आकड्यावर आला की रेझ (स्वतःलाच सिग्नल देणारं फंक्शन) बोलवा. रेझ परत येतो तो हँडलर संपल्यावरच, म्हणून क्षण पक्का राहतो.

दोन बाइटचा आकडा ६५,५३५ पर्यंत जातो आणि तुमचे कॉल असतील जेमतेम शंभर. तसाच वापरला तर बहुतेक वेळा सिग्नल सुटतच नाही. मोजलेल्या संख्येने भाग देऊन बाकी घ्या. सीड फाइलींच्या (फझरला सुरुवातीला दिलेल्या नमुन्यांच्या) पुढे तीन बाइट जोडायला विसरू नका, नाहीतर तुमच्या हेडरचे पहिले तीन बाइट सिग्नल म्हणून खाल्ले जातील.

थ्रेड जास्त असतील तर रेझ पुरत नाही, तो त्याच थ्रेडला सिग्नल देतो. बाहेरून आलेला सिग्नल कर्नल न अडवलेल्या कुठल्याही थ्रेडला देऊ शकतो. तिथे स्वतःच्याच पीआयडीला किल करा, आणि थोडी अनिश्चितता मान्य करा.

हे वेष्टण तुमच्या कोडमधले कॉलच पकडतं, ग्लिबसीच्या आतले नाहीत. माझा सिसलॉगचा बग या पायरीत सापडला नसता. पायरी ५ गाळू नका ती याचसाठी.

सावधान: पर्सिस्टंट मोड (एकाच प्रोसेसमध्ये अनेक इनपुट चालवणं) इथे वापरू नका. पहिल्या फेरीत वर गेलेला ‘थांबा’ ध्वज दुसऱ्या फेरीत वरच असतो, आणि स्टॅबिलिटीचा आकडा (तेच इनपुट दरवेळी तसंच चालतं का याचं माप) घसरायला लागतो. लिबफझर हा दुसरा फझरही या कामाला बरा नाही: टार्गेट त्याच्याच प्रोसेसमध्ये चालतं, सिगटर्म आणि सिगइंट तो स्वतः पकडतो आणि तुमच्या हँडलरऐवजी स्वतःच बंद होतो. फोर्कसर्व्हर (दर इनपुटसाठी टार्गेटची नवी प्रत काढणारा एएफएलचा भाग) पुढे ढकलत असाल तर तो अलार्म लावण्याच्या आधीच ठेवा. अलार्म फोर्कनंतर मुलाकडे जात नाही, मग तो कधी वाजणारच नाही.

७. निकाल स्वतः द्या

हार्नेसने फोर्क करावा, म्हणजे स्वतःची प्रत काढावी: मूळ प्रोसेस ती आई, प्रत तो मुलगा. मुलगा टार्गेट चालवतो, आई वाट बघते आणि मुलगा मेल्यावर करार पडताळते. करार मोडला असेल तरच आईने अबॉर्ट करायचा, मगच एएफएलने क्रॅश नोंदवावा. मुलगा सिगटर्मने मेला आणि करारात तेच लिहिलं असेल, तर आई शून्याने संपते आणि फझरला कळतही नाही. कव्हरेजचा नकाशा शेअर्ड मेमरीत असल्याने मुलाचं कव्हरेज वाया जात नाही.

आईने बघायच्या गोष्टी:

वेटपीआयडीने दिलेला स्टेटस. शेलमधले १४३ आणि १३७ म्हणजे १२८ अधिक १५ आणि १२८ अधिक ९. पण सिग्नलने मेलेली प्रोसेस आणि स्वतःहून १४३ ने एक्झिट झालेली प्रोसेस शेलला सारखीच दिसते. वेटपीआयडीत फरक कळतो. करारात जे असेल तेच तपासा.

लॉक फाइल, पीआयडी फाइल, सॉकेट, तात्पुरत्या फाइली. आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्याच डिरेक्टरीत टार्गेट पुन्हा सुरू होतं का. उरलेली फाइल असणं एकवेळ चालेल, तिच्यामुळे दुसऱ्यांदा सुरूच न होणं चालणार नाही.

नातवंडं. टार्गेटने सोडलेल्या प्रोसेस जिवंत राहिल्या तर रात्रभरात मशीन भरतं.

वेळेचं गणित नीट बसवा. आईची मुदत एएफएलच्या टाइमआउटपेक्षा कमी हवी. उलटं झालं तर एएफएल आईलाच सिगकिल देतो आणि मुलगा अनाथ होऊन तसाच चालत राहतो. म्हणून मुलात पीआरसीटीएलने ‘आई मेली की सिगकिल’ अशी सोयही लावा. टार्गेट बंद होताना मुद्दाम ५ सेकंद थांबत असेल, तर चाचणीच्या बिल्डमध्ये ते १०० मिलिसेकंद करा. एएफएल प्लस प्लस मूळ सेटिंगला एका सेकंदापुढे गेलेलं इनपुट ‘हँग’ धरतो, मग फोल्डर खोट्या हँगनी भरतं.

एएफएल_किल_सिग्नल हा व्हेरिएबल बऱ्याच जणांना मोहात पाडतो. टाइमआउटनंतर मुलाला कोणता सिग्नल द्यायचा एवढंच तो ठरवतो, मूळ किंमत ९. तो १५ केला म्हणजे सिगटर्मची चाचणी झाली, असं समजू नका. त्याने फक्त अडकलेलं टार्गेट मरायचं थांबतं.

तपासा: मुद्दाम बिघडवलेलं टार्गेट चालवा. लॉक फाइल काढण्याची ओळ कॉमेंट करा आणि फझर सुरू करा. एका मिनिटात क्रॅश नोंदवला गेला नाही, तर तुमची आई-प्रोसेस आंधळी आहे. मी ही पायरी दोनदा गाळली आणि दोन्ही वेळा पश्चात्ताप झाला.

८. एकाच्या पाठोपाठ दुसरा

वैतागलेला माणूस कंट्रोल-सी एकदा दाबत नाही. इनपुटमध्ये आणखी तीन बाइट घ्या, दुसऱ्या सिग्नलसाठी. सिगइंटच्या हँडलरमध्ये असताना सिगटर्म आला आणि दोघंही एकच सफाईचं फंक्शन बोलावत असतील, तर तीच मेमरी दोनदा फ्री होते. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर इथे हमखास पकडतो. उपाय: सिगअ‍ॅक्शनच्या मास्कमध्ये दोन्ही सिग्नल अडवा.

तोच सिग्नल लागोपाठ दोनदा आला तर मोजणी होत नाही. अडवलेला असताना दहा सिगटर्म आले तरी प्रोसेसला एकच मिळतो. ‘तिसऱ्या सिगटर्मला जबरदस्तीने बंद’ असं लिहिलेला कोड या कारणाने फसतो.

९. सिगकिल शेवटी आणि वेगळा

इथे हँडलरचा प्रश्नच नाही, तपासायचं ते सावरणं. तीच वेष्टणं, रेझच्या जागी सिगकिल, आणि आईचं एकच काम: टार्गेट पुन्हा सुरू करून ‘लिहिलं’ असं कबूल केलेलं सगळं जागेवर आहे का ते बघणं. तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून रिनेम करणारे प्रोग्राम बहुधा टिकतात, जागच्या जागी फाइल बदलणारे पडतात.

सावधान: ही वीज जाण्याची चाचणी नव्हे. प्रोसेस मेली तरी तिने राइट केलेला मजकूर कर्नलच्या पेज कॅशमध्ये शाबूत असतो आणि यथावकाश डिस्कवर जातो. एफसिंक विसरलेला प्रोग्राम सिगकिलच्या चाचणीत शंभर वेळा पास होईल आणि पहिल्या लोडशेडिंगला डेटा गमावेल.

१०. सापडलेलं पुन्हा चालवा, मगच सांगा

प्रत्येक क्रॅश फाइल फझरशिवाय २० वेळा चालवा. वीसपैकी वीस आली तर बग पक्का. सात-आठदा आली तर थ्रेड किंवा घड्याळ मध्ये आहे. एकदा आरआर या रेकॉर्ड करणाऱ्या डीबगरखाली रेकॉर्ड करून घ्या, तो सिग्नलचा क्षणही जपतो आणि मागे-पुढे फिरवून बघता येतं. एकदाही आली नाही तर आधी पायरी ३ ची स्टेटस फाइल तपासा, बऱ्याचदा टर्मिनलवरून चालवताना वारसा वेगळा असतो.

बग कळवताना फाइल तर जोडाच, शिवाय पहिले तीन बाइट उलगडून एक ओळ लिहा: ‘रिनेमच्या दुसऱ्या कॉलनंतर, अनलिंकच्या आधी, सिगटर्म’. समोरच्याला तुमचा हार्नेस बांधायची गरजच पडत नाही, तो एसट्रेसच्या एका आज्ञेत तेच बघू शकतो.